पेशीपटल ‘निवडत’ नाही! उत्तरपत्रिकेत, प्रयोगात आणि घरातही या चुका टाळा

अकरावीच्या प्रात्यक्षिकात एक प्रश्न मी हमखास विचारतो. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल मिठाच्या पाण्यात ठेवलेली असते. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक पेशीतला जांभळा भाग आकसून मधे गोळा झालेला असतो, आणि तो गोळा व पेशीभित्तिका यांच्यात मोकळी जागा दिसत असते. “या जागेत काय आहे?”

बहुतेक जण “हवा” म्हणतात. कुणी “निर्वात पोकळी” म्हणतं. एखादी मुलगी दबक्या आवाजात “पाणी” म्हणते आणि अर्धे गुण तरी मिळाले का हे माझ्या चेहऱ्यावर शोधते.

तिथे असतं बाहेरचं मिठाचं पाणीच. पेशीभित्तिका ही सेल्युलोजच्या धाग्यांची विणलेली चौकट आहे. पाणी आणि मीठ तिच्यातून बिनदिक्कत आरपार जातात. मीठ अडतं ते तिच्या आतल्या पेशीपटलापाशी, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यापाशी. पेशीतलं पाणी मात्र बाहेर ओढलं जातं, म्हणून पटल आत सरकतं आणि त्याच्यामागे रिकाम्या झालेल्या जागेत बाहेरचं द्रावण शिरतं. ‘हवा’ हे उत्तर चुकलं म्हणजे नुसता एक गुण गेला असं नाही. भिंत कोणती आणि फाटक कोणतं, हेच कळलेलं नाही असा त्याचा अर्थ होतो.

याच गोंधळातून उत्तरपत्रिकेतलं एक लाडकं वाक्य येतं: ‘वनस्पतीपेशीत पेशीभित्तिका असते, तर प्राणीपेशीत पेशीपटल असते.’ पहिला भाग बरोबर. दुसराही तसा बरोबर. ‘तर’ मात्र चूक. पटल दोघांनाही असतं. वनस्पतीला त्याच्या बाहेरून भित्तिका जास्तीची. पटलाशिवाय जगणारी पेशी अजून कुणाला सापडलेली नाही.

‘निवडक्षम’ या शब्दाने केलेला घोटाळा

पुस्तकात पटलाला ‘निवडक्षम पारपटल’ म्हटलेलं असतं. शब्द चांगला आहे, पण मुलांच्या डोक्यात तो सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन उभा करतो. मग उत्तरं अशी येतात: ‘पेशीला जे उपयोगी आहे ते पटल आत घेते आणि घातक पदार्थ बाहेर ठेवते.’ दारू पेशीला उपयोगी आहे का? अल्कोहोल पटलातून सुखाने आत जातं. कार्बन मोनॉक्साइड घातक आहे, तोही जातो. उलट ग्लुकोज हे पेशीचं रोजचं जेवण, पण नुसत्या मेदाच्या थरातून त्याला जवळजवळ वाट नाही.

पटलाला हितअहित कळत नाही. तिथे फक्त रचना आहे, आणि काय जाईल, काय अडेल हे त्या रचनेवरून आपोआप ठरतं. मुलांच्या (आणि मोठ्यांच्याही) बहुतेक चुका हे एक वाक्य विसरल्यामुळे होतात, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे.

रचना थोडक्यात अशी. पटल मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या मेदाचं असतं. त्याच्या रेणूला एक डोकं असतं, ते पाण्याशी जमवून घेतं. आणि मेदाम्लांच्या दोन शेपट्या असतात, त्या पाण्यापासून दूर पळतात. पेशीच्या आतही पाणी, बाहेरही पाणी. मग हे रेणू दोन थरांत उभे राहतात, डोकी दोन्हीकडच्या पाण्याकडे आणि शेपट्या आतल्या बाजूला एकमेकींसमोर. हे कुणी रचत बसत नाही. फोडणीचं तेल पाण्यावर आपोआप गोळा होतं, त्यातलाच हा प्रकार, फक्त जास्त शिस्तीचा. या थरात प्रथिनं रुतून बसलेली असतात आणि बाहेरच्या अंगाला शर्करेच्या साखळ्या लोंबत असतात. सगळं मिळून जाडी सुमारे 7 ते 8 नॅनोमीटर. वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी दहा हजारांहून जास्त पटलं मावतील.

आता यातून कोण जाईल? मधला पट्टा तेलकट आहे. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल असे लहान किंवा तेलात विरघळणारे रेणू त्यातून निघून जातात. सोडियमचा आयन आकाराने इवलासा, पण त्याच्यावर विद्युतभार आहे आणि भोवती पाण्याच्या रेणूंचा घोळका आहे. तो घोळका सोडून तेलात शिरणं त्याला परवडत नाही. नुसत्या मेदाच्या द्विस्तरातून पाणी जितक्या सहज जातं, त्याच्या अब्जपट अवघड सोडियमला जातं. ‘पटलाने सोडियमला नाकारले’ असं लिहू नका. का अडला, ते लिहा.

आकृतीतल्या चुका

आकृतीला तीन गुण असतील तर त्यातले दोन ठरावीक जागी जातात.

एका डोक्याला एकच शेपटी काढलेली असते. दोन काढा. शर्करेच्या साखळ्या आतल्या अंगाला काढलेल्या असतात. पेशीपटलाच्या त्या बाहेरच्याच अंगाला असतात. प्रथिनं मेदाच्या दोन्ही बाजूंना पोळीसारखी पसरलेली असतात. हे तर 1935 सालचं डॅनिएली आणि डॅव्हसन यांचं मॉडेल झालं: मधे मेद, वरखाली प्रथिनांचा थर, म्हणजे सँडविच. ते मागे पडून आज 50 वर्षं उलटून गेली.

सगळ्यात खोल रुजलेली चूक मात्र शब्दांची आहे. ‘द्विस्तर’ आणि ‘दुहेरी पटल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. द्विस्तर म्हणजे एका पटलातले मेदाचे दोन थर. दुहेरी पटल म्हणजे अशी दोन पटलं एकावर एक, म्हणजे मेदाचे एकूण चार थर. केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक यांना दुहेरी पटल असतं. पेशीभोवती एकच पटल असतं, आणि ते द्विस्तरी असतं. ‘पेशीपटल दुहेरी असते’ असं लिहिलंत की परीक्षक खोडणार, आणि त्याचं बरोबर असेल.

दोन थर असतात हे कळलं कसं, ती गोष्ट चुकांवरच्या लेखात सांगायलाच हवी. 1925 साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढला आणि पाण्यावर एकेरी थरात पसरला. त्या थराचं क्षेत्रफळ रक्तपेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरलं. अर्थात, पटलात दोन थर! निष्कर्ष अचूक होता. मोजमापं मात्र दोन ठिकाणी चुकली होती. ॲसिटोनने सगळा मेद निघालाच नव्हता, म्हणजे मेद कमी मोजला गेला. आणि वाळलेल्या पेशींवरून पृष्ठभाग काढल्यामुळे तोही कमी भरला. दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं. तुमच्या प्रयोगवहीत असं घडेल या भरवशावर राहू नका.

पटल घट्ट नसतं

आकृती कागदावर स्थिर असते, त्यामुळे पटलही स्थिर आहे असं मुलं धरून चालतात. मग ‘प्रवाही मोज़ेक मॉडेल’ हे नाव पाठ असतं, सिंगर आणि निकोल्सन ही नावं पाठ असतात, 1972 हे साल पाठ असतं, आणि ‘प्रवाही’ म्हणजे काय विचारलं की शांतता.

द्विस्तरातला मेदाचा रेणू शेजाऱ्याशी जागेची अदलाबदल सेकंदाला लाखो वेळा करतो. पटल म्हणजे तेलाचा पातळ तवंग आहे, आणि प्रथिनं त्यात तरंगतात. 1970 साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी एकत्र जोडली. उंदराच्या प्रथिनांना एका रंगाची खूण, माणसाच्या प्रथिनांना दुसऱ्या. सुरुवातीला अर्धी पेशी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. 37 अंश तापमानात साधारण 40 मिनिटांत दोन्ही रंग पूर्ण मिसळून गेले. थंडीत ठेवलेल्या पेशींत मात्र ते मिसळले नाहीत.

थंडीचा हा भाग स्वयंपाकघरात दिसतो. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, शेजारचं शेंगदाण्याचं तेल मात्र वाहत असतं. खोबरेलातली मेदाम्लं बहुतांशी संपृक्त, सरळ शेपटांची; ती काड्यांच्या मोळीसारखी घट्ट लागतात. शेंगदाणा तेलातल्या असंपृक्त शेपटांना बाक असतो, त्यामुळे घट्ट मोळी जमत नाही. पटलातही हेच घडतं. थंड पाण्यातल्या माशांच्या पटलांत असंपृक्त मेदाम्लांचं प्रमाण जास्त असतं ते याच कारणाने.

इथेच कोलेस्टेरॉलची बदनामी आडवी येते. ‘कोलेस्टेरॉलमुळे पटल कडक होते’ हे अर्धंच खरं. उष्णतेत ते शेपटांची वळवळ आवरतं, हे बरोबर. पण थंडीत तेच त्यांना घट्ट लागू देत नाही. प्राण्यांच्या पेशीपटलाला ते हवंच असतं. रक्ताच्या अहवालातला आकडा हा वेगळा विषय आहे. तो डॉक्टरांशी बोला, पेशीविज्ञानाच्या पेपरात नको.

आणखी एक बारीक गोष्ट. शेजारी सरकणं सोपं, पण वरच्या थरातून खालच्या थरात कोलांटी मारणं फॉस्फोलिपिडला फार अवघड, कारण पाणीप्रेमी डोकं तेलातून ओढून न्यावं लागतं. आपोआप असं क्वचितच घडतं. पेशी त्यासाठी खास प्रथिनं ठेवते. म्हणून पटलाचे दोन्ही थर सारखे नसतात. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद निरोगी पेशीत आतल्या अंगाला राहतो. तो बाहेर दिसू लागला की ‘ही पेशी मरणपंथाला लागली’ अशी खूण भक्षक पेशींना मिळते आणि त्या तिला गिळतात.

पटल म्हणजे चाळणी नव्हे

‘लहान रेणू जातात, मोठे अडतात.’ ही व्याख्या सेलोफेनला लागू पडते, पटलाला नाही. आयन इवले असूनही अडतात हे वर आलंच. त्याहून गमतीची गोष्ट पोटॅशियमच्या चॅनेलची, म्हणजे पटलातल्या प्रथिनाने केलेल्या वाटेची आहे.

पोटॅशियम आयनाची त्रिज्या 0.133 नॅनोमीटर, सोडियमची 0.095. सोडियम लहान. तरीही पोटॅशियमच्या चॅनेलमधून सेकंदाला कोट्यवधी पोटॅशियम आयन धावतात आणि सोडियम हजारात एखादासुद्धा मुश्किलीने जातो. चाळणीत असं कधी होईल का, की ज्वारी खाली पडली आणि राजगिरा वर राहिला?

रॉडरिक मॅककिनन यांनी 1998 साली एका जिवाणूच्या चॅनेलची रचना उलगडली तेव्हा कारण दिसलं. चॅनेलच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले आहेत की पोटॅशियमने भोवतीचं पाणी सोडलं तर त्या पाण्याची जागा हे ऑक्सिजन नेमकी भरून काढतात. सोडियम लहान, त्यामुळे त्याला ते ऑक्सिजन दूर पडतात. पाणी सोडायचं आणि बदल्यात काही मिळायचं नाही, मग तो कशाला आत शिरेल? लहान असणं इथे नडतं. बांगडी मनगटाला बसायला हवी. मनगट बारीक असलं म्हणजे काम झालं असं नाही.

पाण्याचंही तसंच. पाणी द्विस्तरातून थोडंफार झिरपतं, पण मूत्रपिंडातल्या किंवा रक्तपेशींच्या वेगाचा हिशेब तेवढ्याने लागत नव्हता. पीटर ॲग्रे ऱ्हीसस रक्तगटाच्या प्रथिनाच्या मागे असताना त्यांच्या हाती एक भलतंच प्रथिन लागलं. 1992 साली त्यांच्या गटाने ते बेडकाच्या अंडपेशीत तयार करवलं आणि ती अंडपेशी विरळ द्रावणात ठेवली. ती फुगली आणि फुटली. शेजारची साधी अंडपेशी जशीच्या तशी. ते प्रथिन म्हणजे ॲक्वापोरिन, पाण्याचा नळ. एका नळातून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात, पण प्रोटॉन जात नाही. ॲग्रे आणि मॅककिनन यांना 2003 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. ‘परासरणात (म्हणजे पटलातून पाणी पलीकडे जाण्यात) पाणी फक्त मेदाच्या थरातून जाते’ असं कुठल्या जुन्या गाइडमध्ये असेल, तर पेन्सिलने दुरुस्त करून ठेवा.

परासरण: ‘जास्तीकडून कमीकडे’, पण कशाच्या?

‘परासरणात पाणी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जाते.’ पुढचाच विद्यार्थी लिहितो, ‘कमी संहतीकडून जास्त संहतीकडे.’ दोघं भांडतात, आणि दोघांनीही संहती कशाची ते लिहिलेलं नसतं. पाण्याची म्हणत असाल तर पहिला बरोबर. द्राव्याची म्हणत असाल तर दुसरा. मी मुलांना सांगतो, ‘संहती’ हा शब्द एकटा लिहायचाच नाही. ‘द्राव्य जिथे जास्त, तिकडे पाणी’ एवढं लक्षात ठेवा. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की वाडग्यात पाणी का साठतं, हे आजीला याच सूत्राने माहीत असतं.

दुसरी चूक: समपरासारी द्रावणात, म्हणजे ज्यात पेशी फुगतही नाही आणि आकसतही नाही अशा द्रावणात, पाणी हलत नाही. हलतं, दोन्ही दिशांनी सतत हलतं. आत जाणारं आणि बाहेर येणारं सारखंच असतं, म्हणून पेशीचं आकारमान बदलत नाही.

तिसरी चूक बारावीनंतरही, चांगल्या चांगल्यांची होते. दोन द्रावणांत द्राव्याचे कण सारखे असले की ती पेशीसाठी समपरासारी, असं समजलं जातं. तांबडी रक्तपेशी 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात व्यवस्थित राहते. आता जवळपास तेवढेच कण असलेलं युरियाचं द्रावण घ्या, सुमारे 1.8 टक्क्यांचं. गणिताप्रमाणे पेशी शाबूत राहायला हवी. ती फुगते आणि फुटते. कारण मीठ बाहेर अडून राहतं आणि युरिया पटलातून आत जातो. युरिया आत गेला की आतले कण वाढले, मागोमाग पाणी आलं. द्रावण समपरासारी आहे का, हे नुसत्या द्रावणावरून ठरत नाही. पटल त्या पदार्थाला वाट देतं का, यावरही ठरतं.

प्रयोग फसला तर आधी हे तपासा

ऱ्हिओच्या सालीत काहीच होत नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा साल वरच्या बाजूची असते. जांभळी बाजू खालची. पान तिरकं फाडलं की तिथली पातळ साल सुटते. कधी साल इतकी जाड असते की पेशींचे तीन-चार थर एकमेकांवर दिसतात आणि नीट असं काहीच दिसत नाही. कडेचा पातळ भाग शोधा. कधी मिठाचं द्रावण कव्हरस्लिपच्या कडेलाच बसलेलं असतं, आत पोचलेलंच नसतं. एका कडेला थेंब सोडा, समोरच्या कडेला टिपकागद लावा, म्हणजे ते ओढलं जाईल. मग दोन-चार मिनिटं थांबा. मुलं वीस सेकंदांत ‘सर, नाही होत’ म्हणतात.

साधं पाणी घालून आधीची स्थिती बघून घेतली नसेल, तर नंतरची आकृती कशाशी ताडणार? आणि पुन्हा पाण्यात ठेवल्यावर पेशी पूर्ववत झाल्या नाहीत, तर बहुधा त्या मेल्या आहेत: द्रावण फार तीव्र होतं किंवा फार वेळ ठेवलं.

‘मायक्रोस्कोपमध्ये पेशीपटल दिसले’ असं निरीक्षण लिहू नका. साध्या प्रकाश मायक्रोस्कोपला सुमारे 200 नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दाखवता येत नाही. पटल 8 चं. 0.2 मिलीमीटर लांबीची पेशी 25 मीटर लांबीच्या सभागृहाएवढी मोठी केली, तर तिचं पटल एक मिलीमीटर जाडीचं भरेल. तुम्हाला दिसते ती आकसलेल्या जीवद्रव्याची कड. त्यातही जांभळा रंग रिक्तिकेतला, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या मोठ्या पिशवीतला आहे, म्हणजे पाणी बाहेर येताना दोन पटलं ओलांडतं, रिक्तिकेचं आणि पेशीचं. रंग गडद झाला का, हेही बघा. पाणी गेलं आणि रंगद्रव्य आतच राहिलं, याचा तो पुरावा आहे.

बटाट्याच्या प्रयोगात, म्हणजे कोरलेल्या बटाट्यात साखरेचं पाणी भरून तो साध्या पाण्यात ठेवतात त्यात, साखरेच्या पाण्याची पातळी चढत नसेल, तर खालची साल काढली आहे का बघा. बटाट्याची साल पाण्याला सहजी वाट देत नाही. तळाला टाचणीएवढं छिद्र पडलं असेल तरी प्रयोग वाया. आणि उकडलेला बटाटा वापरलात तर पातळी चढणारच नाही, कारण उकळताना पटलं मोडली. ही चूक मात्र मुद्दाम करून बघावी. न उकडलेल्याशेजारी ठेवली की तीच सगळ्यात बोलकी तुलना होते.

बीटाचे तुकडे गरम पाण्यात टाकून रंग किती सुटतो ते बघायचं, हा प्रयोग सोपा वाटतो आणि एकाच कारणाने फसतो. कापताना सुरीने फोडलेल्या पेशींचा रंग धुतला जात नाही. मग थंड पाण्याची नळीही लालभडक, आणि ‘थंड पाण्यातही पटल फुटते’ असा निष्कर्ष! तुकडे वाहत्या पाण्याखाली, धुवण निवळ येईपर्यंत धुवा. मगच तापमानाचा परिणाम दिसेल.

राहिलं अंडं. व्हिनेगरमध्ये कवच विरघळवून अंडं पाण्यात फुगवायचं, हा प्रयोग विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी असतो आणि तक्त्यावर दरवर्षी ‘अंड्याचे पेशीपटल’ लिहिलेलं असतं. कवचाखालचा तो पापुद्रा म्हणजे प्रथिनांच्या तंतूंचं जाळं आहे. पेशीपटल नव्हे, त्यात मेदाचा द्विस्तर नाही. परासरण खरं आहे, नाव चुकीचं. तक्त्यावर ‘अर्धपार्य पापुद्रा’ लिहा, म्हणजे तपासणाऱ्यांच्या पुढच्या प्रश्नाला तोंड देता येईल.

प्रथिन आलं म्हणजे ऊर्जा लागतेच, असं नाही

सुलभ विसरण (ऊर्जेशिवाय होणारं) आणि सक्रिय वहन (ऊर्जा लागणारं) यांत मुलांची गल्लत होते, कारण दोन्हीकडे प्रथिन असतं. कसोटी एकच: पदार्थ उताराने चालला आहे की चढाने? ग्लुकोज रक्तात जास्त, पेशीत कमी, आणि वाहक प्रथिनाने तो आत सोडला. हा उतार, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च नाही. सोडियम पेशीत कमी असूनही तिथून बाहेर ढकलायचा, हा चढ. त्यासाठी पंप लागतो. येन्स स्कू यांना तो 1957 साली खेकड्याच्या चेतातंतूंत सापडला आणि 1997 साली त्यासाठी नोबेल मिळालं. एका एटीपीमागे तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. हे आकडे उलटे लिहिले जातात. सोडियम तीन, हे पक्कं करा.

वर्गाबाहेरची एक चूकही याच दाराशी आहे. ‘इन्सुलिन म्हणजे पेशीच्या कुलुपाची किल्ली’ हे मधुमेहाच्या प्रत्येक पत्रकावर असतं. उपमा म्हणून चालेल, पण यंत्रणा तशी नाही. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत ग्लुकोजचं वाहक प्रथिन आतल्या पुटिकांमध्ये, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्यांमध्ये, पडून असतं. इन्सुलिनचा निरोप आला की त्या पुटिका पटलाला येऊन मिळतात आणि पटलावर दारांची संख्याच वाढते. मेंदूच्या पेशींची बहुतेक दारं मात्र इन्सुलिनची वाट न पाहता पटलावर हजर असतात. किल्लीच्या उपमेत हे बसत नाही, म्हणून ‘इन्सुलिन नसेल तर कुठल्याच पेशीत साखर जात नाही’ असा गैरसमज पसरतो.

जलसंजीवनी बिघडते कुठे

शेवटची चूक परीक्षेतली नाही, घरातली आहे आणि महागात पडू शकते. जुलाब झाल्यावर जलसंजीवनीचं (ओआरएसचं) पाकीट आणलं जातं, आणि ‘बाळ एवढं पाणी पिणार नाही’ म्हणून एक लिटरची पूड एका पेल्यात कालवली जाते. किंवा चव यावी म्हणून वर दोन चमचे साखर.

आतड्याच्या पेशींच्या पटलावर एक वाहक आहे, तो सोडियम आणि ग्लुकोज सोबतच आत घेतो. दोन सोडियममागे एक ग्लुकोज. एकटं मीठ दिलं तर तो हलत नाही, एकटी साखर दिली तरी नाही. दोन्ही आत गेले की मागोमाग पाणी जातं. सोडियमचा उतार टिकवायचं काम मागच्या बाजूचा तोच स्कू यांचा पंप करत असतो. पटकीचं (कॉलऱ्याचं) विष आतड्यातलं क्लोराइडचं दार उघडं पाडतं आणि पाणी बाहेर वाहू लागतं, पण या जोडवाहकाला ते हात लावत नाही. उपाय त्याच्यातून निघाला. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायची सलाइन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि बेकिंग सोडा मिसळून पाणी तोंडानेच द्यायला लावलं. ते कालवायला आणि पाजायला रुग्णांचे नातेवाईकही पुरेसे होते. छावणीतले मृत्यू झपाट्याने खाली आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्रात लिटरभर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही 75 मिलीमोल. एकूण तीव्रता रक्तापेक्षा थोडी कमीच ठेवलेली आहे, म्हणजे पाणी आत ओढलं जावं. पूड कमी पाण्यात कालवली की ही तीव्रता रक्ताच्या वर जाते आणि पाणी उलट आतड्यात येतं. जादा साखरेने तेच. बाजारातली गोड शीतपेयं आणि डब्यातले ज्यूस देऊन जुलाब वाढतात, तेही याच कारणाने.

जलसंजीवनी दिली तरी जुलाब लगेच थांबत नाहीत. ‘फरक पडत नाही’ म्हणून ती बंद करणं ही पुढची चूक. तिचं काम गेलेलं पाणी भरून काढण्याचं आहे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. बाळ मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा.

आणि पाकीट फोडण्याआधी मागची बाजू वाचा. मोठं एक लिटरचं असतं, लहान 200 मिलीलीटरचं. दिसायला दोन्ही सारखीच, आणि आशाताईंना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते नेमकं हेच.